टॅगला बिन कळते, बिनमधला माल कळत नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: नाशिकच्या अंबडला प्रेस शॉप आहे, म्हणजे पत्रा दाबून पार्ट काढायचा कारखाना, ६० माणसं. ४५० प्लास्टिकच्या बिन आणि १०० लोखंडी ट्रॉल्या फिरत असतात. माल प्रेसवरून निघाला की काही प्लेटिंगला, काही पावडर कोटिंगला बाहेर जातो, परत येतो आणि पॅक होऊन ग्राहकाकडे रवाना होतो. कुठला लॉट कुठे अडकलाय ते कळत नाही, प्लेटिंगहून नग कमी येतात आणि बिन हरवतात. आरएफआयडीवाल्याने, म्हणजे रेडिओ लहरीने लांबून वाचता येणारे चिपचे टॅग विकणाऱ्याने, गेटवर रीडर, सगळ्या बिनना टॅग आणि वर सॉफ्टवेअर असं १४ लाखांचं कोटेशन दिलंय. ‘शंभर टक्के रीड’ची तोंडी हमीही दिलीय. घ्यावं का?

जसं आहे तसं घेऊ नका. पण आरएफआयडीच नको असंही मी म्हणणार नाही. सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत गेली १८ वर्षं मी हेच काम करतोय. त्यातली पहिली काही वर्षं बहुतेक चुका करण्यातच गेली, तेव्हा त्या चुकांसकट सांगतो.

आधी एक गाठ सोडवू. तुम्ही एक प्रश्न विचारलाय, पण त्यात तीन प्रश्न आहेत: लॉट कुठे आहे, नग कमी का येतात आणि बिन कुठे जातात. कोटेशनवाल्याने तिन्हींवर एकच औषध लिहून दिलंय. माझ्या मते टॅगने तिसरा प्रश्न बराचसा सुटेल, पहिला अर्धा सुटेल आणि दुसऱ्याला त्याचा काडीचा उपयोग नाही.

असं का, ते बघा. शिंदे-पळसेच्या टोलनाक्यावरून पिकअप जाते तेव्हा काचेवरचा फास्टॅग वाचला जातो. तोही आरएफआयडीच, तुमच्या कोटेशनमधल्याच यूएचएफ, म्हणजे काही मीटरवरून वाचता येणाऱ्या जातीचा, बॅटरी नसलेला. रीडरची लहर अंगावर पडली की तेवढ्या ताकदीवर चिप जागी होते आणि लहर परत फिरवताना तिच्यात आपला नंबर मिसळते. नाक्याला एवढंच कळतं की अमुक नंबरची गाडी गेली. आत कांदा आहे की द्राक्षं, क्रेट किती, हे नाक्याला माहीत नसतं. तुमच्या गेटचंही तसंच होणार. बिन नंबर २१७ बाहेर गेली हे कळेल. तिच्यात ब्रॅकेट होते की क्लॅम्प, ५०० होते की ४८०, हे कळायला बिन भरताना कोणीतरी सिस्टिमला ते सांगितलेलं असायला हवं. आम्ही याला ‘जोडणी’ म्हणतो: बिनचा नंबर आणि जॉब कार्डाचा, म्हणजे कुठला पार्ट किती काढायचा त्या कामाच्या चिठ्ठीचा, नंबर एकमेकांना बांधण्याचा क्षण. सगळं यश-अपयश या क्षणावर ठरतं, आणि गंमत म्हणजे तुमच्या कोटेशनमध्ये त्यावर एक ओळही नाही.

नग कमी येण्याचं आधी उरकून टाकतो, कारण त्यावर खर्च फारच कमी आहे. त्याला काटा लागतो, टॅग नाही. जाताना वजन, येताना वजन, भागिले एका नगाचं वजन. तुम्ही कदाचित हे आजही करत असाल आणि तरी हिशेब लागत नसेल. मग एक गोष्ट तपासा: परत आलेल्या मालाला तुम्ही प्लेटिंगआधीचंच पीस-वजन लावताय का? १ मिलिमीटर पत्र्याच्या पार्टवर दोन्ही बाजूंनी ८ मायक्रॉन झिंक बसलं तर वजन साधारण दीड टक्का वाढतं. ५०० नगांच्या बिनमध्ये हे सात नगांचं वजन झालं. म्हणजे सात नग कमी आले तरी काटा म्हणतो बरोबर आहे, आणि पुढे पॅकिंगला मोजताना बोंब होते. प्लेटिंगनंतरचं पीस-वजन वेगळं नोंदवून ठेवा. एका ठिकाणी एवढ्यावर महिन्याभरात भांडण मिटलं आणि माझी ऑर्डरही गेली, ते असो.

आता टॅगकडे. ‘शंभर टक्के रीड’ हा शब्द ऐकला की मी विचारतो, कशावर? आरएफआयडी हे नाव एकच, पण त्यात वेगवेगळे प्राणी आहेत. नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमध्ये ई-पासपोर्ट तयार होतात. त्यांच्यातली चिप १३.५६ मेगाहर्ट्झवर चालते आणि यंत्राला जवळजवळ टेकवावी लागते. तिथे ते हवंच आहे, कारण लांबून कोणी वाचू नये. तुमच्या गेटवर पाच-सात मीटरवरून वाचायचं तर यूएचएफ लागतो. आपल्या देशात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झचा पट्टा लायसनशिवाय वापरायला मोकळा आहे. अमेरिकेचा पट्टा ९०२ ते ९२८ आहे. स्वस्तात आणलेला रीडर पुष्कळदा त्या पट्ट्यावर लावलेला असतो. तो इथे वापरणं नियमात बसत नाही, शिवाय आपल्या पट्ट्यासाठी जुळवलेला टॅग त्याच्यावर नीट बोलतही नाही. म्हणून रीडर कुठल्या पट्ट्यावर आहे आणि त्याची सरकारी मंजुरी, म्हणजे ईटीए, आहे का, हे दोन्ही लेखी मागा. नुसत्या या दोन प्रश्नांवर काही लोक परत फोन करत नाहीत.

या लहरीची लांबी साधारण ३५ सेंटिमीटर असते. लोखंड तिला आरशासारखं परतवतं, पाणी तिला पिऊन टाकतं. साधा स्टिकर टॅग ट्रॉलीच्या पत्र्यावर चिकटवलात तर तो मेलाच समजा, कारण पत्र्याला लागून त्याच्या अँटेनाचा सूर बिघडतो. लोखंडासाठी वेगळा टॅग मिळतो. त्यात अँटेना आणि धातू यांच्यात मुद्दाम अंतर राखलेलं असतं. तो साध्या स्टिकरपेक्षा कितीतरी महाग पडतो. कोटेशनमध्ये ट्रॉल्यांच्या टॅगची किंमत बिनच्या टॅगइतकीच लिहिली असेल, तर समोरच्याने ट्रॉल्या पाहिलेल्याच नाहीत.

प्लास्टिकच्या बिनचं सोपं वाटतं, पण बिन रिकामी असतानाच ते सोपं असतं. माझी सगळ्यात महाग चूक इथलीच. एका कारखान्यात गेटवर चार अँटेना लावल्या आणि शनिवारी, साप्ताहिक सुट्टीच्या दिवशी, शांतपणे चाचणी घेतली. स्टोअरच्या दोन माणसांनी बिन ढकलत फेऱ्या मारल्या. प्रत्येक बिन वाचली. मालक खूश, आम्हीही समोर जाऊन मिसळ खाल्ली. सोमवारी काम सुरू झालं आणि दुपारपर्यंत गेटच्या रजिस्टरमध्ये निघालेल्या बिन आणि संगणकावरच्या बिन यांचा मेळ बसेना. शनिवारी बिन रिकाम्या होत्या आणि सोमवारी त्या तेल लागलेल्या पार्टांनी काठोकाठ भरलेल्या होत्या. पॅलेटवर मधल्या रांगेतल्या बिनचे टॅग चारी बाजूंनी लोखंडात गाडले गेले होते. शिवाय मध्ये माणसं उभी होती, आणि माणूस म्हणजे लहरीच्या हिशेबाने पाण्याची पिशवीच.

दुसरा गोंधळ उलट्या बाजूचा. वाचायला हव्या त्या बिन वाचल्या जात नव्हत्या, आणि गेटच्या आत सहा मीटरवर नुसत्या उभ्या असलेल्या ट्रॉल्या ‘बाहेर गेल्या’ म्हणून नोंदवल्या जात होत्या. आम्ही काय केलं? पॉवर वाढवली. पहिल्यांदा हे काम करणारा प्रत्येक जण हेच करतो. त्याने भिंतीवरून, शटरवरून उसळून लहर आणखी आत गेली आणि पसारा वाढला. शेवटी पॉवर कमी करून, अँटेना खाली तोंड करून, गेटवर दोन फोटो सेन्सर, म्हणजे प्रकाशकिरण अडला की कळवणारे डोळे, बसवून निभावलं. पहिल्याचा किरण आधी अडला की माल बाहेर चाललाय, दुसऱ्याचा आधी अडला की आत येतोय, आणि दोन्ही शांत असतील तर रीडरने तोंड बंद ठेवायचं. कोटेशनमध्ये हे सेन्सर नसतील तर दिशा कशी ओळखणार ते विचारा. ‘सॉफ्टवेअरमध्ये होतं’ हे उत्तर मला अजून पटलेलं नाही.

मधल्या रांगेवर जादूचा उपाय नाही. एक तर बिन पॅलेटवर अशा रचायच्या की टॅगची बाजू बाहेर राहील. टॅग दोन समोरासमोरच्या बाजूंना लावले तर ते जमतं, पण खर्च दुप्पट. नाहीतर पॅलेटलाच एक टॅग द्यायचा आणि त्याच्याशी बिन बांधायच्या. मी दुसरा मार्ग घेतो. रिकाम्या बिन एकात एक घालून परत येतात तेव्हाही हीच अडचण. टॅग एकमेकांना इतके खेटतात की एकमेकांचा आवाज दाबतात. रिकाम्या बिन गेटवर हाताने मोजा किंवा हँडहेल्ड रीडर फिरवा.

टॅग लावण्याबद्दल दोन शब्द, कारण तो टिकतो की पडतो हे इथेच ठरतं. बिन बहुधा पॉलिप्रॉपिलीनच्या असतात, त्यांच्यावर गोंद धड बसत नाही. दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप लावून दिली तर दिवाळीपर्यंत निम्मे टॅग जमिनीवर. पॉप रिव्हेट मारा. ट्रॉलीवर जागा निवडताना फोर्कलिफ्टचा काटा कुठे घासतो ते आधी एक दिवस उभं राहून बघा. आणि वेल्डरला सांगून ठेवा की ट्रॉली दुरुस्तीला आली तर आधी टॅग काढायचा. आमचे बरेच टॅग वेल्डिंगच्या ठिणग्यांखाली गेले आणि दोष चिपच्या कंपनीला लागत राहिला. प्रत्येक टॅगच्या पट्टीवर तोच नंबर मोठ्या अक्षरांत आणि क्यूआर कोडमध्ये छापून घ्या. टॅग मेला तरी माणसाला नंबर वाचता आला पाहिजे. टॅगच्या आत फक्त नंबर लिहा, ९६ बिट त्याला पुरतात. पार्टचं नाव, तारीख, ग्राहक हे टॅगमध्ये कोंबायचा आग्रह कोणी धरला तर नको म्हणा, ते डेटाबेसमध्ये शोभतं.

पावडर कोटिंगच्या भट्टीत टॅग जाईल का, असं तुम्ही शेवटी विचारलंय. भट्टी १८० ते २०० अंशांवर चालते. ते तापमान वारंवार सोसणारे टॅग मिळतात, पण ते हँगरवर, म्हणजे पार्ट टांगायच्या आकड्यांवर, लावावे लागतात, आणि हँगर कोटिंगवाल्याचे आहेत, तुमचे नाहीत. दुसऱ्याच्या हँगरवर आपले महागडे टॅग लावायला मी जाणार नाही. मोठ्या कार कारखान्यांत रंगाच्या लाइनवर हे नीट चालतं, कारण तिथे लाइन, हँगर आणि पैसा सगळं एकाच घरचं असतं.

आता माणसांकडे येतो. जोडणीची गोष्ट इथेच फसते. एका ठिकाणी ऑपरेटरने बिन भरली की जॉब कार्ड रीडरला दाखवायचं असं ठरलं होतं. सुरुवातीचे काही दिवस आकडे सुरेख आले. मग माझ्या लक्षात आलं की रोज दुपारी तीनच्या सुमाराला पाच मिनिटांत ४० बिन ‘भरल्या’ जातायत. पहिल्या शिफ्टचे मावशी-दादा दिवसभराची कार्डं खिशात जमवत होते आणि घरी निघताना गठ्ठा रीडरवर फिरवत होते. त्यांचं चुकलं का? रीडर प्रेसपासून २० मीटरवर खांबाला होता आणि त्यांना नगांवर इन्सेन्टिव्ह होता. चूक रीडर लावणाऱ्याची, म्हणजे माझी. नंतर आम्ही वजनकाट्यालाच छोटा जवळून वाचणारा रीडर बसवला. बिन काट्यावर ठेवायचीच असते. ठेवली की बिनचा नंबर आपोआप येतो, वजन आपोआप येतं, माणसाला फक्त जॉब कार्डाचा क्यूआर दाखवायचा उरतो. ज्या कामासाठी माणूस तसाही थांबतो, त्याच जागी नोंद घ्या. नोंदीसाठी त्याला वेगळं थांबवलंत की तो खिसा वापरणार.

त्यावरून बारकोड की आरएफआयडी हेही ठरतं. माणूस जिथे थांबतो आणि लेबल स्वच्छ राहतं, तिथे बारकोड किंवा क्यूआर पुरे, आणि त्याचा खर्च नगण्य. माणूस थांबत नाही, लेबल दिसत नाही किंवा तेला-रंगाने माखतं, तिथे आरएफआयडी आपलं भाडं वसूल करतो. तुमच्या वर्णनावरून आतल्या प्रेस लाइनवर क्यूआर चालेल. बाहेर जाणाऱ्या गेटवर मात्र आरएफआयडीला अर्थ आहे. प्लेटिंगचा छोटा हत्ती लागला की सिक्युरिटीवाला चलनावर सही करतो आणि दहा मिनिटांत गाडी सुटते, तिथे कोणी बिन-बिन स्कॅन करणार नाही.

म्हणून तुमच्या जागी मी असतो तर फक्त जॉबवर्कचा, म्हणजे बाहेरून करून घ्यायच्या कामाचा, फेरा पकडला असता. एकच प्लेटिंगवाला, त्याच्याकडे फिरणाऱ्या बिन आणि पॅलेट, तुमचं एक गेट, एक काटा. गाडी निघताना चलनाबरोबर पॅलेट आणि बिन नंबरांची यादी आपोआप जोडली जावी, आणि परत येताना कुठली बिन किती दिवसांनी आली ते दिसावं. याला कायद्याचीही बाजू आहे. जीएसटीच्या कलम १४३ प्रमाणे जॉबवर्कला पाठवलेला कच्चा माल एका वर्षात परत यावा लागतो किंवा तिथून रवाना व्हावा लागतो. नाहीतर तो पाठवला त्या दिवशीच विकला असं धरलं जातं. आयटीसी-०४, म्हणजे जॉबवर्कच्या मालाचा जीएसटीचा फॉर्म, भरताना कुठल्या चलनाचं किती परत आलं हे जुळवायला तुमच्या अकाउंटंटचे किती दिवस जातात ते त्यालाच विचारा. माझ्या अनुभवात ‘लॉट कुठे आहे’पेक्षा या जुळवणीचा पैसा लवकर दिसतो.

पैशाचं गणित मी करू शकत नाही, ते तुमच्या आकड्यांवर अवलंबून आहे. पण कसं करायचं ते सांगतो. वर्षात किती बिन नव्या घेतल्या त्याची बिलं काढा. माल शोधण्यात सुपरवायझरचे दिवसाला किती तास जातात ते आठवडाभर लिहा, अंदाजाने सांगू नका. माल वेळेवर सापडला नाही म्हणून किती वेळा घाईने वेगळी गाडी पाठवली तेही काढा. हे तिन्ही मिळून जॉबवर्कच्या त्या एका फेऱ्यावरच्या टॅग-रीडरचा खर्च दोन वर्षांत भरून निघत नसेल तर काटा आणि क्यूआरवर थांबा. तसं सांगून मी कामं सोडलीयत. आणि तुमच्या मोठ्या ग्राहकाने उद्या स्वतःच्या टॅगवाल्या बिन पाठवायला सुरुवात केली तर गणित पुन्हा बदलेल, कारण मग टॅगचा खर्च त्याचा आणि रीडरचा तेवढा तुमचा. त्याच्या खरेदी विभागाला एकदा विचारून घ्या.

तुम्ही न विचारलेलं एक सांगतो, कारण प्रेस शॉपला ते बिनपेक्षा जास्त उपयोगी पडलेलं मी पाहिलंय. डायवर, म्हणजे प्रेसमधल्या साच्यावर, टॅग लावा. यूएचएफ नको, १३.५६ मेगाहर्ट्झचा, धातूत बसणारा, काही सेंटिमीटरवरून वाचला जाणारा. प्रेसच्या बेडजवळ एक वाचणारं हेड आणि ते थेट पीएलसीला, म्हणजे प्रेस चालवणाऱ्या कंट्रोलरला. डाय बसवली की प्रेसला कळतं कुठली आहे ते, आणि जॉब कार्डाशी जुळली नाही तर प्रेस चालूच होत नाही. स्ट्रोक डायच्या नावावर मोजले जातात, त्यामुळे धार लावायची वेळ फोरमनच्या आठवणीवर राहत नाही. इथे ‘शंभर टक्के रीड’ खरोखर मिळतं, कारण अंतर चिमूटभर आणि जागा ठरलेली. ४५० बिनच्या ऐवजी ३०-४० डाय, म्हणजे खर्चही आवाक्यातला. मी तुमच्याकडे आलो असतो तर सुरुवात कदाचित इथूनच केली असती.

कोटेशनवाल्याला नाही म्हणायची घाई मात्र करू नका. त्याला सांगा, चाचणी आमच्या गेटवर, भरलेल्या बिनवर, पैसे चाचणीनंतर. तो शनिवार मागेल. तुम्ही त्याला सोमवारी दुपारी बोलवा, प्लेटिंगची गाडी लागलेली आणि शिफ्ट सुटत असताना. रजिस्टर हातात घेऊन स्वतः गेटवर उभे राहा आणि गाडीत चढणारी प्रत्येक बिन मोजा.